मागितलं ते मिळालं नाही. आता प्रार्थनेला बसायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई चौदा महिने आजारी होती. घरच्यांनी उपास केले, मंडळीने (चर्चमधल्या लोकांनी) साखळी प्रार्थना केली, दोघातिघांनी तर "ती बरी होणार असं प्रभूने दाखवलंय" असंही सांगितलं. आई गेली. त्याला सहा महिने झाले. आता प्रार्थनेला बसलं की शब्द येत नाहीत, उपासनेत गीतं म्हणवत नाहीत, आणि जो भेटतो तो म्हणतो, "देवावर विश्वास ठेव." विश्वास ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? आणि जे हवं होतं तेच गेल्यावर तो कशासाठी ठेवायचा?

दुसरा प्रश्न जास्त खोल आहे, पण सुरुवात पहिल्यापासून करू, कारण तिथे शब्दाचाच घोळ आहे. "विश्वास ठेव" म्हणणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा असतं, "मागितलेलं मिळणारच अशी खात्री बाळग." आई गेल्यावर तेच वाक्य "आता रडू नकोस" या अर्थाने येतं. पवित्र शास्त्रात विश्वास म्हणून जे दिसतं ते या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. दानीएलच्या तिसऱ्या अध्यायात भट्टीसमोर उभे असलेले तिघे जण राजाला सांगतात की आमचा देव आम्हांला सोडवायला समर्थ आहे, आणि लगेच पुढे म्हणतात, त्याने नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. त्यांचा विश्वास त्या "तरी"मध्ये आहे.

इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय उघडा. विश्वासवीरांचा अध्याय म्हणून तो सगळ्यांना पाठ असतो, पण वाचणारे बरेचदा मधेच थांबतात. आधी सिंहांची तोंडं बंद होतात, आग विझते, स्त्रियांना त्यांचे मेलेले परत मिळतात. मग ३५व्या वचनाच्या मध्यावर वाक्य वळतं: इतर काहींचे हाल झाले, काहींना दगडमार झाला, काहींना करवतीने चिरलं. आणि ३९व्या वचनात या सगळ्यांच्याच विश्वासाची वाखाणणी आहे. वाचले त्यांचा विश्वास मोठा आणि मेले त्यांचा लहान, अशी वर्गवारी तिथे नाही. "तुमचा विश्वास कमी पडला" असं जर तुम्हांला कोणी म्हटलं असेल, तर त्या माणसाने हा अध्याय अर्धाच वाचलेला आहे.

मग रोजच्या वापरासाठी व्याख्या कोणती? मी ही वापरतो: विश्वास म्हणजे देवाबद्दलची तक्रार देवाकडेच घेऊन जाणं. अरण्यातल्या इस्राएलांनी आपापल्या तंबूत बसून कुरकुर केली आणि ती पाप ठरली. स्तोत्रकर्त्यांनी त्याहून जहाल बोल लावले आणि ते प्रार्थनेच्या पुस्तकात, म्हणजे स्तोत्रसंहितेत, गेले. फरक शब्दांच्या कडकपणात नाही, सर्वनामात आहे. कुरकुरीत देव "तो" असतो, विलापात "तू". २३वं स्तोत्र मराठी ख्रिस्ती घरात लहान मुलांनाही येतं. ते या नजरेने एकदा पाहा. पहिल्या तीन वचनांत मेंढपाळ "तो" आहे: तो मला नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. चौथ्या वचनात मृत्युच्छायेचं खोरं येतं आणि तिथेच "तू" सुरू होतो. हिरव्या कुरणात देवाबद्दल बोललं तरी भागतं. खोऱ्यात त्याच्याशीच बोलावं लागतं.

आता कामाला लागू. एक वही घ्या. फोनमध्ये लिहिलं तरी चालेल, पण वही बरी, कारण फोन हातात असला की लिहिता लिहिता माणूस भलतीकडेच जातो. एका पानावर चार गोष्टी लिहायच्या: मी काय मागितलं, काय घडलं, देव काय करेल असं मी धरून चाललो होतो, आणि ते त्याने कुठे कबूल केलं होतं. पहिल्या दोन गोष्टी पाच मिनिटांत होतात. तिसरीला वेळ द्या, कारण माणूस तिथेच स्वतःपासून लपतो. "आई बरी व्हावी" ही झाली मागणी. तिच्या खाली बहुधा एक करार दबलेला असतो: "मी चौदा महिने सेवा केली, उपास केले, मंडळीला द्यायचा दशांश चुकवला नाही, म्हणून तो तिला वाचवेल." तो करार तसाच कागदावर उतरवा. लाज वाटेल, वाटू द्या. मग चौथा रकाना. या करारावर देवाची सही आहे का? नसते. आपण एकट्यानेच सही केलेली असते, आणि मोडला म्हणून रागावतोही आपणच.

हे लिहिताना तिसऱ्या रकान्यात तीन प्रकारचा माल एकत्र पडलेला सापडेल: देवाचं खरं अभिवचन, त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष, आणि दुसऱ्या कोणीतरी देवाच्या नावाने सांगितलेली गोष्ट. तुमच्या बाबतीत तिसरा प्रकार जड आहे. "प्रभूने दाखवलंय" हे विधान तपासण्याचा नियम शास्त्रातच आहे. अनुवाद या पुस्तकातलं १८:२२ सांगतं की परमेश्वराच्या नावाने बोललेली गोष्ट घडली नाही तर ती त्याच्याकडून नव्हती. प्रेषित पौलही थेस्सलनीकाकरांना सांगतो की संदेशांचा धिक्कार करू नका, पण सगळ्याची पारख करा. म्हणजे तुमच्या निराशेचा एक मोठा हिस्सा चुकीच्या खात्यावर लिहिला गेलाय. फसवणूक वाटतेय ती देवाकडून झालेली नाही. बहुधा प्रेमापोटी, पण बेजबाबदारपणे, माणसांकडून झाली.

त्यांच्याशी बोलायचं का? बोलावं असं माझं मत आहे. एकदाच, खासगीत, चार वाक्यांत: "तुम्ही असं सांगितलं होतं. आम्ही त्यावर भिस्त ठेवली. तसं झालं नाही. याचा मला त्रास झाला." स्पष्टीकरण मागू नका. मागितलंत की हमखास येणारं उत्तर म्हणजे "घरात कोणाचा तरी विश्वास डळमळला असेल," आणि त्या वादात शिरलात तर हातात काही लागत नाही. बोलून झालं की तो हिस्सा देवाच्या खात्यातून खोडा. उरेल ते खरं तुमचं आणि देवाचं.

उरलेल्याचं काय करायचं, त्यासाठी विलाप. हा शब्द ऐकला की हंबरडा आठवतो, पण शास्त्रातला विलाप ही चांगली बांधलेली प्रार्थना आहे. १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश या जातीची आहेत, आणि उपासनेत तीच सगळ्यांत कमी वाचली जातात. १३वं स्तोत्र नमुना म्हणून घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत "कोठवर" हा सवाल चार वेळा येतो, पण चारही वेळा एकाच दिशेने नाही. तू मला कोठवर विसरणार आणि कोठवर तोंड लपवणार, हे दोन देवाकडे. मी कोठवर मनात चिंता वाहायची, हा स्वतःकडे. शत्रू कोठवर वरचढ राहणार, हा बाहेरच्या परिस्थितीकडे. तिसऱ्या वचनात मागणी: बघ, उत्तर दे, माझ्या डोळ्यांना प्रकाश दे. त्याच्या शेवटी आणि चौथ्यात कारण: नाहीतर मी मरेन आणि वैरी हसतील. आणि पाचव्यात वळण: "मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे." चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मध्ये परिस्थिती काडीइतकीही बदललेली नाही. दोन वचनांमध्ये किती दिवस गेले तेही लिहिलेलं नाही. एका श्वासात वाचतो म्हणून ते एका बैठकीत घडलं असं आपल्याला वाटतं.

आता याच साच्यात स्वतःचं लिहा. दहाबारा ओळी, पंधरा मिनिटं. नमुना असा होऊ शकतो:

"प्रभू, आईच्या खोलीतला पलंग आम्ही अजून हलवलेला नाही. शेवटच्या आठवड्यात तिला पाणीही गिळता येत नव्हतं, तेव्हा तू कुठे होतास? मी तुझं नाव घेऊन तिला 'बरी होशील' म्हणालो. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. आता ते वाक्य मला रात्री ऐकू येतं. कोठवर? बाबा जेवताना तिच्या खुर्चीकडे बघतात. कोठवर? मला स्पष्टीकरण नको. मला झोप दे, आणि बाबांशी बोलायला तोंड दे. नाहीतर हे घर मुकं होईल."

यात वळण नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. मुद्दामच नाही. ते आलं तर लिहा, नाही आलं तर "मुकं होईल" इथेच थांबा. ८८वं स्तोत्र असंच थांबतं. अठरा वचनं, आणि मूळ इब्रीत शेवटचा शब्द अंधार. त्यात धरायला एकच कठडा आहे, पहिल्या वचनातलं "माझ्या तारणाऱ्या देवा". एवढीच हाक मारून बाकी सगळा अंधार मांडणारी प्रार्थना देवाने आपल्या ग्रंथात राहू दिली. तुमच्या वहीतली अपुरी प्रार्थना त्याला जड होणार नाही.

विलापात चुका ठरलेल्या ठिकाणी होतात. सगळ्यांत मोठी म्हणजे घाईने शेवट गोड करणं. तिसऱ्याच ओळीला "तरीही प्रभू, तुझी स्तुती असो" लिहिलं जातं, कारण आपल्याला तशी सवय लावलेली असते. मग तक्रार आतच राहते आणि स्तुतीलाही कस उरत नाही. दुसरी चूक मोघम बोलण्याची. "प्रभू, तू सर्व काही जाणतोस" हे खरं असलं तरी इथे ते पांघरूण आहे. पलंग, पाणी, खुर्ची लिहा. तिसरी चूक उलट बाजूची: तासन्तास तेच उगाळत बसणं. पंधरा-वीस मिनिटं झाली की वही मिटा, उठा, तोंड धुवा. दावीद राजाचं बाळ आजारी होतं तेव्हा तो सात दिवस जमिनीवर पडून होता. ते गेल्याचं कळल्यावर उठला, अंघोळ केली, कपडे बदलले, परमेश्वराच्या घरात जाऊन दंडवत घातला, आणि घरी येऊन जेवायला मागितलं. दुःख संपलं म्हणून नव्हे. आणि हो, हा विलाप मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. दोन मिनिटांत खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते आणि तुम्हांला अधिकच एकटं वाटतं.

लिहिण्याइतकेही शब्द नसतील तर उसने घ्या. रोज एक स्तोत्र, मोठ्याने, उभं राहून: १३, २२, ४२, ७३, ७७, ८८, १३०, १४२. आठ दिवसांत एक फेरी होते, मग पुन्हा पहिल्यापासून. मनातल्या मनात वाचू नका. मनातलं वाचन तिसऱ्या वचनाला भरकटतं. वधस्तंभावर स्वतः येशूने २२व्या स्तोत्राचेच शब्द उसने घेतले: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" त्या क्षणी त्याच्या तोंडी नवी प्रार्थना नव्हती, लहानपणापासून ओळखीची होती. आणि जेव्हा तेही जमत नाही, त्यासाठी रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय आहे. तिथे सृष्टी कण्हते, आपण कण्हतो, आणि २६व्या वचनात पवित्र आत्माही शब्दांवाचूनच्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. प्रार्थनेला बसून नुसतंच बसणं हा वेळेचा अपव्यय नाही. मात्र जागा आणि वेळ ठरलेली ठेवा, दहा मिनिटं का होईना.

उपासनेचं म्हणाल तर जात राहा, पण गाणं ही अट धरू नका. उभं राहून गप्प राहणं हा ढोंगीपणा नाही. न पटणारे शब्द मोठ्याने म्हणणं त्याच्या जास्त जवळ जातं. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघांनी छपरातून खाली सोडलं, तेव्हा येशूने "त्यांचा विश्वास पाहून" त्याला क्षमा केली असं लिहिलंय. त्या पडलेल्या माणसाच्या स्वतःच्या विश्वासाबद्दल तिथे एक शब्द नाही. सध्या तुम्ही त्या खाटेवर आहात. बाकीचे गातायत ना, गाऊ द्या. प्रभुभोजन मात्र चुकवू नका. भाकर हातात ठेवली जाते, ती घेताना काय वाटतंय हे कोणी विचारत नाही.

शरीराकडेही बघायला हवं, आणि हे मी "अध्यात्माबरोबर व्यायामही हवा" अशा अर्थाने म्हणत नाही. पहिले राजे या पुस्तकाचा १९वा अध्याय वाचा. संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. देव त्याला काय देतो? झोप. मग भाकर आणि पाणी. मग पुन्हा झोप, पुन्हा भाकर. त्यानंतर चाळीस दिवसांची चाल. आणि त्यानंतर कुठे प्रश्न: "एलीया, तू इथे काय करतोस?" तो प्रश्न दोनदा विचारला जातो, आणि एलीया दोन्ही वेळा शब्दशः तीच रड ऐकवतो. देव रागावत नाही. तो त्याला पुढचं काम देतो, सात हजार माणसं अजून शिल्लक आहेत हे सांगतो, आणि अलीशाच्या रूपाने सोबती देतो. हा क्रम उलटा केला की गडबड होते. चार तास झोपलेला माणूस "देव चांगला आहे का" या प्रश्नावर रात्री दोन वाजता जे उत्तर काढतो ते उत्तर धरूच नये.

निर्णयांचंही तसंच. सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोला या कॅथलिक संताने एक नियम घालून दिलाय, तो पंथाच्या पलीकडे जाऊन उपयोगी आहे: मन कोरडं आणि अंधारलेलं असताना, उजेडात घेतलेले निर्णय बदलायचे नाहीत. मंडळी सोडणं, सेवेतून अंग काढणं, ठरलेलं लग्न मोडणं, घर विकणं, हे विचार आले तर वहीत लिहा आणि समोर तीन महिन्यांनंतरची तारीख टाका. त्या दिवशीही तेच वाटलं तर पुढचं पाऊल. याला अपवाद एकच: मंडळीत किंवा घरात कोणी छळ करत असेल, पैशासाठी किंवा आणखी कशासाठी तुमच्या दुःखाचा फायदा घेत असेल, तर तीन महिने थांबायचं नाही.

आता "का?" हा प्रश्न. सगळं गमावलेल्या ईयोबाचं पुस्तक ४२ अध्यायांचं आहे, आणि पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय घडलं ते वाचकाला कळतं, ईयोबाला अखेरपर्यंत कळत नाही. ३८ ते ४१ या अध्यायांत देव बोलतो, पण कारण सांगत नाही. तरी ४२:७ मध्ये तो ईयोबाच्या मित्रांवर रागावतो, की तुम्ही माझ्याविषयी माझा सेवक ईयोब याच्याप्रमाणे यथार्थ बोलला नाहीत. देवाची बाजू हिरिरीने मांडणारे चूक ठरले आणि त्याच्याशी भांडणारा बरोबर ठरला. "कोणत्या पापामुळे झालं?" या प्रश्नाला तर येशूने सरळ दार लावलंय. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, याने पाप केलं नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त अपराधी होती का? नाही, असं तोच म्हणाला. आईच्या आजाराचं कारण कुटुंबाच्या इतिहासात शोधत बसणं बंद करा.

तीन वचनं या काळात हमखास अंगावर फेकली जातात, म्हणून ती नीट लावून ठेवलेली बरी. यिर्मया २९:११, "तुमच्या हिताचे संकल्प". हे बाबेलमध्ये बंदिवासात गेलेल्यांना लिहिलेल्या पत्रातलं वाक्य आहे, आणि त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. म्हणजे पत्र ऐकणारे बरेचसे परत न जाताच मरणार होते. पत्रात त्यांना सांगितलंय काय, तर घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा. दुसरं वचन, "देव सहन होईल तेवढंच देतो." पहिलं करिंथ १०:१३ मोहाबद्दल बोलतं, ओझ्याबद्दल नाही. उलट दुसऱ्या करिंथच्या पहिल्याच अध्यायात पौल लिहितो की आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, जगण्याचीही आशा उरली नव्हती. तिसरं, रोमकरांस ८:२८, सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. "मिळून" या शब्दाकडे लक्ष द्या. प्रत्येक गोष्ट कल्याणकारक आहे असं तिथे म्हटलेलं नाही. कल्याण म्हणजे काय ते पुढचं वचन सांगतं, पुत्राच्या प्रतिरूपासारखं होणं. ते वचन तुम्ही स्वतः स्वतःला सांगू शकता, काही काळाने. दुसऱ्याने तिसऱ्या दिवशी दारात उभं राहून सांगण्याचं ते नाही.

मग विश्वास कशासाठी ठेवायचा? इथे थोडं थांबून बोलतो.

"आई गेली तेच चांगलं" असं मान्य करणं म्हणजे ख्रिस्ती विश्वास, असा एक समज आहे. नव्या कराराला तो ठाऊक नाही. पहिलं करिंथ १५:२६ मरणाला शत्रू म्हणतं, शेवटचा शत्रू. शत्रूने केलेल्या कामाला चांगलं म्हणण्याची सक्ती तुमच्यावर नाही. लाजराच्या कबरेपाशी येशू काही वेळातच त्याला हाक मारून बाहेर काढणार होता, हे त्याला माहीत होतं, तरी तो रडला. त्याआधी मार्था आणि मरीया या दोघी बहिणींनी, वेगवेगळ्या वेळी, त्याला एकच वाक्य ऐकवलं: "प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता." आणि ते खरंच होतं, निरोप मिळाल्यावर तो दोन दिवस मुद्दाम थांबला होता. त्याने एकीलाही "असं बोलू नये" म्हटलं नाही. मार्थाला त्याने पुनरुत्थानाबद्दल सांगितलं, मरीयेजवळ तो रडला. एकाच वाक्याला दोन माणसांसाठी दोन उत्तरं.

देव भरवशाचा आहे की नाही, याचा पुरावा जर आपण गेल्या चौदा महिन्यांत शोधला, तर हाती गोंधळच लागेल. काही दिवस चांगले गेले, बरेचसे वाईट, आणि शेवट मरणात. ख्रिस्ती माणूस तो पुरावा दुसरीकडे ठेवतो: वधस्तंभ आणि रिकामी कबर. शिष्यांच्या दृष्टीने शुक्रवार हा न ऐकलेल्या प्रार्थनेचा दिवस होता. अम्माऊसच्या वाटेवर दोघे जण म्हणतात, "इस्राएलाची मुक्तता करणारा तोच, अशी आमची आशा होती." होती. आणि ज्याच्याबद्दल हे बोलत होते तोच त्यांच्या शेजारून चालत होता. आधीच्या गुरुवारी रात्री गेथशेमानेत त्याने स्वतः तीनदा मागितलं होतं की हा प्याला टळावा, आणि तो टळला नव्हता. "जे मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा" हे मार्कच्या अकराव्या अध्यायात आहे, आणि "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" हे चौदाव्यात. एकाच्याच तोंडचं, तीन अध्यायांच्या अंतरावर. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय यातलं एकही कोणाला सांगू नये. म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: आई बरी होईल म्हणून नव्हे, तर देवाचा जो पुत्र त्या प्याल्यातून गेला आणि परत आला त्याच्या हातात आई आहे म्हणून. याने आजची खुर्ची भरत नाही. थेस्सलनीकाकरांना पौल म्हणतो, आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका. शोकच करू नका असं तो म्हणत नाही.

हे उत्तर मरणापुरतं झालं. ज्या निराशेला शेवट नसतो, म्हणजे मूल न होणं, लग्न न जमणं, घर सोडून गेलेला मुलगा, तिथे वेगळी अडचण येते: आशा पुन्हा पुन्हा उठते आणि पुन्हा पुन्हा आपटते. मूल नसलेल्या हन्नेचं दुःख वर्षानुवर्षं, दर यात्रेला नव्याने उगाळलं जात होतं. अशा वेळी मागत राहायचं की थांबायचं? पौल आपल्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, जावा म्हणून तीनदा विनवून थांबला, पण त्याला "माझी कृपा तुला पुरे" असं उत्तर मिळालं होतं. विधवेच्या दाखल्यात येशू थांबू नका म्हणतो. मी असं सुचवतो: मागणी रोज एका वाक्यात करा, त्यापेक्षा जास्त नाही, आणि उरलेली प्रार्थना इतरांसाठी आणि त्या दिवसासाठी ठेवा. मागणीने सगळी प्रार्थना गिळली की देव केवळ खिडकीमागचा कारकून उरतो.

भरवसा परत येतो तेव्हा गाजावाजा होत नाही. एखाद्या क्षुल्लक गोष्टीसाठी तुम्ही सहज प्रार्थना करून जाता आणि नंतर लक्षात येतं. देवाचा राग येतो, आणि तो त्याला बोलून दाखवावासा वाटतो. याला सहा महिने कमी पडले म्हणून घाबरू नका. योसेफाला विकलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि फारोपुढे उभा राहिला तेव्हा तीस वर्षांचा. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवसभर मन पूर्ण विझलेलं असेल, झोप-भूक गेली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. गोळी घेणं हा अविश्वास नाही. पौलाच्या सोबत्यांमध्ये लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. जीव द्यावा असा विचार येत असेल तर तो आज रात्रीच घरातल्या कोणाला तरी सांगा आणि दवाखान्यात जा. पुढच्या प्रार्थना सभेपर्यंत थांबू नका.

तुम्हांला भेटायला येणाऱ्यांसाठीही दोन शब्द, हवं तर त्यांना हे दाखवा. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, आणि तेवढाच भाग त्यांनी चांगला केला. "सुटली बिचारी," "देवाला तिची गरज होती," "यातून तो काहीतरी मोठं करणार" ही वाक्यं घरी ठेवून या. "काही लागलं तर सांग" हेही नको, कारण दुःखातला माणूस सांगत नाही. "मंगळवारी सहाला येतो, तासभर बसतो" असं सांगा आणि या. आईचं नाव घ्या. पहिल्या महिन्यात घर माणसांनी भरलेलं असतं; सहाव्या महिन्यात कोणी नसतं, आणि खरी गरज तेव्हा असते.

एक प्रसंग येणारच आहे, त्याची तयारी आधीच करून ठेवा. उपासनेत एखादा जण उभा राहून साक्ष देईल की त्याची आई त्याच आजारातून बरी झाली. सगळे टाळ्या वाजवतील. तुमच्या पोटात खड्डा पडेल, मग मत्सर वाटेल, मग मत्सर वाटला म्हणून अपराधी वाटेल. शक्यतो कडेच्या बाकावर, दाराजवळ बसत जा. टाळ्या वाजवल्या नाहीत तरी चालेल. श्वास कोंडला तर बाहेर जाऊन पायरीवर बसा आणि त्या क्षणी जे मनात आहे ते "तू" म्हणून सांगा: "तिला वाचवलंस. माझ्या आईला का नाही?" मग जमलं तर आत या, नाही जमलं तर घरी जा, आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्याच बाकावर येऊन बसा.